दूरस्थ सदृशीकरण प्रशिक्षणातील मानवी घटक

दूरस्थ सदृशीकरण प्रशिक्षणातील मानवी घटक हा आरोग्यशिक्षण, मानसशास्त्र आणि अर्गोनॉमिक्स या शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी वेगवेगळ्या ठिकाणी असताना, मॅनिकिन, सराव-पेटी, अभिनय करणारा रुग्ण किंवा संगणकीय रुग्ण यांच्या साहाय्याने आणि इंटरनेटद्वारे जे प्रात्यक्षिक प्रशिक्षण दिले जाते, त्यास दूरस्थ सदृशीकरण किंवा टेलिसिम्युलेशन म्हणतात. अशा प्रशिक्षणात माणसाची दृष्टी, श्रवण, लक्ष, स्मरण, थकवा, भीड आणि परस्परसंवाद यांचा उपकरणांशी, कामाशी व परिसराशी मेळ कसा बसतो, याचा विचार मानवी घटकांच्या अभ्यासात होतो. प्रशिक्षणार्थ्याच्या हातून घडलेली दिसणारी चूक पुष्कळदा कॅमेऱ्याचा कोन, आवाजातील विलंब किंवा संदिग्ध सूचना यांतून उद्भवलेली असते. ती व्यक्तीची उणीव आहे की मांडणीची, हे ओळखणे या अभ्यासाचे प्रमुख प्रयोजन आहे.

संज्ञा व व्याप्ती

सदृशीकरण म्हणजे प्रत्यक्ष रुग्णाला धोका न पोहोचवता रुग्णसेवेतील प्रसंगाची प्रतिकृती उभी करून त्यात सराव करणे. अमेरिकी भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी २००४ मध्ये सदृशीकरण हे यंत्रसामग्रीचे नव्हे तर शिकवण्याच्या पद्धतीचे नाव आहे, अशी मांडणी केली. या दृष्टीने पाहता महागडे मॅनिकिन नसतानाही चांगले सदृशीकरण होऊ शकते आणि ते असूनही निकृष्ट होऊ शकते.

ध्वनिचित्रफीत पाहणे किंवा ऑनलाइन व्याख्यान ऐकणे यांचा समावेश दूरस्थ सदृशीकरणात होत नाही. प्रशिक्षणार्थ्याने स्वतः कृती करणे, त्या कृतीला प्रसंगाने प्रतिसाद देणे आणि अखेरीस झालेल्या कृतीवर चर्चा होणे, या तीन गोष्टी त्यासाठी आवश्यक मानल्या जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मानवी घटकांच्या शास्त्राचा उगम दुसऱ्या महायुद्धातील विमानविद्येत आहे. वैमानिकांच्या चुका म्हणून नोंदले गेलेले अनेक अपघात नियंत्रण-कक्षातील सारख्या दिसणाऱ्या दांड्या व गोंधळात टाकणारी मापके यांमुळे घडल्याचे पॉल फिट्स, आल्फॉन्स चॅपॅनिस आदी मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९७७ मध्ये टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर झाली. त्यानंतर वैमानिकांच्या आपसांतील संवादाकडे लक्ष वेधले गेले आणि १९७९ पासून चमूच्या साधनसंपत्तीचे व्यवस्थापन शिकवणारे अभ्यासक्रम आकारास आले.

वैद्यकात नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल यांच्या कारखान्यात तयार झालेली ‘रेससी ॲन’ ही कृत्रिम श्वसनाच्या सरावाची मॅनिकिन १९६० मध्ये प्रचारात आली. १९८० च्या दशकात गाबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड येथे भूलशास्त्रासाठी सदृशीकरणाची यंत्रणा उभारली आणि विमानविद्येतील चमू-प्रशिक्षणाचे तत्त्व शस्त्रक्रियागृहात आणले. जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या विचारानुसार अपघात हा बहुधा एका व्यक्तीच्या चुकीने होत नाही. यंत्रणेतील अनेक सुप्त त्रुटी एका रेषेत आल्यावर तो घडतो. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने वैद्यकीय चुकांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि हा विचार आरोग्यसेवेत रुजला.

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली यांच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूल देताना श्वसनमार्ग मोकळा ठेवता आला नाही व त्यांचा मृत्यू झाला. अनुभवी डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालण्याच्या प्रयत्नांतच गुंतून राहिले. गळ्यातून श्वसनमार्ग उघडण्याचे साहित्य एका परिचारिकेने आणले होते, पण तिचे सांगणे कृतीत उतरले नाही. त्यांचे पती वैमानिक होते. त्यांनी २००७ मध्ये रुग्णसेवेतील मानवी घटकांसाठी काम करणारा गट स्थापन केला. तांत्रिक कौशल्य असलेला चमूही परिस्थितीचे भान व संवाद यांअभावी अपयशी ठरू शकतो, याचे उदाहरण म्हणून ही घटना जगभर शिकवली जाते.

दूरस्थ पद्धतीचा एक महत्त्वाचा टप्पा २०१० मध्ये आला. टोरांटो येथील ॲलन ओक्रेनेक व सहकाऱ्यांनी बोट्सवानातील शल्यविशारदांना दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियांची मूलभूत कौशल्ये इंटरनेटवरून शिकवली. एका गटाने स्वतःहून सराव केला, तर दुसऱ्या गटाला दूरस्थ मार्गदर्शन लाभले. मार्गदर्शन लाभलेल्या गटाची कामगिरी सरस ठरली. २०२० मधील कोविड-१९ साथीत या पद्धतीचा प्रसार वेगाने झाला.

प्रमुख मानवी घटक

दृष्टी व कॅमेऱ्याचा कोन

समोरासमोरच्या प्रशिक्षणात प्रशिक्षक मॅनिकिनभोवती फिरून पाहतो. दूरस्थ प्रशिक्षणात त्याला कॅमेरा दाखवील तेवढेच दिसते आणि तेही खोलीची जाणीव नसलेल्या सपाट चित्रात. पुनरुज्जीवनाच्या सरावात छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबली जाते का आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येते का, हे बाजूच्या कॅमेऱ्यातून कळते. तळहात उरोस्थीवर योग्य जागी आहे का, हे वरच्या कॅमेऱ्यातून कळते. एकच मोबाइल समोर ठेवला, तर यांपैकी कोणतीच गोष्ट खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे दोन स्थिर कॅमेरे, जमिनीवर कॅमेऱ्याच्या चौकटीची चिकटपट्टीने केलेली खूण आणि सत्रापूर्वीची चाचणी अशी व्यवस्था केली जाते. मोबाइल हातात धरण्याचे काम एखाद्या प्रशिक्षणार्थ्याकडे दिल्यास तो स्वतः शिकण्यास मुकतो आणि चित्रही हलत राहते.

आवाज व विलंब

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषण सुरळीत राहण्यासाठी आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये. छातीदाबाचा अपेक्षित वेग मिनिटाला १०० ते १२० असतो, म्हणजे दोन दाबांत ५०० ते ६०० मिलिसेकंदांचे अंतर पडते. आवाज जाण्यास व त्यावरची कृती परत दिसण्यास प्रत्येकी १५० मिलिसेकंद लागले, तरी एकूण ३०० मिलिसेकंद होतात. मिनिटाला १२० या वेगात दोन दाबांमधील अर्ध्याहून अधिक काळ यातच जातो. अशा वेळी प्रशिक्षकाने पडद्यावरून आकडे मोजून दिले, तर ताल नेमका असूनही प्रशिक्षणार्थी त्याला चुकलेला दिसतो. यावर उपाय साधा आहे. तालमापक प्रशिक्षणार्थ्याच्या खोलीतच ठेवावा आणि प्रशिक्षकाने दर दाबावर शेरा न मारता ठरावीक आवर्तनानंतर बोलावे.

दृक्-श्राव्य संभाषणाच्या ॲपमधील गोंगाट कमी करणारी सुविधाही अडचण निर्माण करते. मानवी आवाज वगळून इतर ध्वनी दाबून टाकणे हे तिचे काम असते. पुरेशा खोलीवर दाब पोहोचल्यावर मॅनिकिनमधून येणारी ‘टक’ अशी खूण किंवा मॉनिटरचा इशारा ती गोंगाट समजून गाळू शकते. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटू लागले की पल्स ऑक्सिमीटरचा स्वर खाली उतरतो आणि पडद्याकडे न पाहताही चमूला धोका कळतो. हा स्वर गाळला गेला, तर प्रशिक्षणार्थ्याने ‘लक्ष दिले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आकलनभार

ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या आकलनभाराच्या सिद्धांतानुसार माणसाची कार्यकारी स्मृती मर्यादित असते. दूरस्थ सत्रात रुग्णाच्या प्रसंगाखेरीज माइक सुरू करणे, पडदा बदलणे, लिखित संदेश वाचणे अशी कामे तिच्यावर पडतात. त्यांचा शिकण्याशी संबंध नसतो, पण भार मात्र होतो. म्हणून नवशिक्यांना प्रसंगापूर्वी केवळ साधनांची ओळख करून देणारे छोटे सत्र घेतले जाते, तसेच तपासण्यांचे निकाल, क्ष-किरण चित्र व मॉनिटर यांची पडद्यावरील जागा सत्रभर कायम ठेवली जाते.

परिस्थितीचे भान

आजूबाजूला काय चालले आहे हे टिपणे, त्याचा अर्थ लावणे आणि पुढे काय होईल याचा अंदाज घेणे, या तीन पायऱ्यांना मिळून परिस्थितीचे भान म्हणतात. ही मांडणी मिका एंडस्ली यांनी १९९५ मध्ये केली. प्रत्यक्ष वॉर्डात त्वचेचा थंडपणा, घामाचा ओलावा, नातेवाइकांची घालमेल यांतून हे भान येते. पडद्यावर हे संकेत मिळत नाहीत. ‘हातपाय गार लागत आहेत’ अशी माहिती कोणीतरी शब्दांत द्यावी लागते. ती केव्हा द्यायची, आपणहून की विचारल्यावरच, हे आधी ठरवलेले नसेल तर एका चमूला सोपा आणि दुसऱ्याला अवघड प्रसंग मिळतो आणि मूल्यमापन असमान होते.

संवाद, भीड आणि अधिकारक्रम

आणीबाणीच्या संवादात सूचना नाव घेऊन देणे, ती ऐकणाऱ्याने परत उच्चारणे आणि काम झाल्यावर तसे कळवणे अशी पद्धत शिकवली जाते. दूरस्थ सत्रात डोळ्याला डोळा भिडवता येत नाही. ‘तुम्ही ॲड्रेनालिन भरा’ हे नेमके कोणाला म्हटले ते समजत नाही. त्यामुळे नाव उच्चारण्याची सवय इथे अधिकच आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील रुग्णालयांत ‘सर’, ‘मॅडम’, ‘सिस्टर’, ‘मामा’, ‘मावशी’ अशी संबोधने रूढ आहेत आणि त्यांतून अधिकारक्रमही व्यक्त होतो. ज्येष्ठ डॉक्टरांचा निर्णय चुकतो आहे असे दिसूनही कनिष्ठ डॉक्टर किंवा परिचारिका भिडेपोटी गप्प राहू शकतात. मान राखूनही स्पष्ट बोलता येते. ‘सर, प्राणवायू ८० वर आला आहे, नळीचा प्रयत्न थांबवून मास्कने श्वास देऊ या का?’ अशा वाक्यांचा सराव सदृशीकरणात करता येतो. प्रत्यक्ष आणीबाणीत प्राणवायूचे सिलिंडर आणणारे, स्ट्रेचर ढकलणारे मामा व मावशी मात्र दूरस्थ सत्रांच्या निमंत्रण-यादीत क्वचितच असतात. त्यांच्या अभावी चमूचा सराव अपुरा राहतो.

मानसिक सुरक्षितता

चूक केली, प्रश्न विचारला किंवा शंका बोलून दाखवली तर आपली मानहानी होणार नाही, या विश्वासाला ॲमी एडमंडसन यांनी १९९९ मधील संशोधनात मानसिक सुरक्षितता असे म्हटले. दूरस्थ सत्र ध्वनिमुद्रित होते, त्याचे पडद्यावरील छायाचित्र कोणीही घेऊ शकतो आणि पाहणारे किती आहेत हे नेहमी दिसत नाही. घरून सहभागी होणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे कुटुंबीयही असू शकतात. या कारणांनी सत्राच्या प्रारंभी मुद्रण होणार का, ते कोण पाहील, केव्हा पुसले जाईल आणि त्यावर गुण अवलंबून आहेत का, हे सांगणे आवश्यक मानले जाते. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मुळे संमतीच्या प्रश्नाला कायदेशीर परिमाणही आले आहे.

थकवा

दीर्घ दृक्-श्राव्य संभाषणाने येणाऱ्या शिणाची चार कारणे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली. सतत जवळून दिसणारे चेहरे, स्वतःची प्रतिमा पाहत राहणे, हालचालीवरील मर्यादा आणि हावभाव समजून घेण्याचा वाढीव ताण ही ती कारणे होत. रात्रपाळी संपवून सत्राला बसणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत यात झोपेच्या अभावाची भर पडते. म्हणून छोटी सत्रे, मध्यंतर आणि स्वतःची प्रतिमा लपवण्याची मुभा असे उपाय केले जातात.

सत्रोत्तर चर्चा

सदृशीकरणातील बहुतांश शिक्षण प्रसंग संपल्यावरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये होते. या चर्चेत प्रथम भावना व्यक्त होऊ दिल्या जातात, मग काय घडले याची उजळणी होते, त्यानंतर ‘त्या क्षणी असे का वाटले’ याचा शोध घेतला जातो आणि शेवटी प्रत्यक्ष कामात नेण्यासारखे मुद्दे काढले जातात. समोरासमोर बसल्यावर मौन हे विचार करण्याचे लक्षण म्हणून ओळखता येते. पडद्यावर तेच मौन जोडणी तुटल्यासारखे भासते आणि प्रशिक्षक घाईने स्वतः बोलू लागतो. यासाठी बोलण्याचा क्रम ठरवून घेणे, सहप्रशिक्षकाने लिखित संदेशांवर लक्ष ठेवणे आणि शांततेला आगाऊ मुभा देणे या युक्त्या वापरल्या जातात. दूरस्थ चर्चेत एक प्रश्न आवर्जून विचारला जातो. तो म्हणजे, ‘कोणती गोष्ट तुम्हाला दिसली किंवा ऐकू आली नाही?’ त्याच्या उत्तरातून व्यक्तीची चूक व मांडणीची चूक वेगळी होते.

भारतातील नियम व उपक्रम

वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात २०१९ पासून क्षमताधारित शिक्षणपद्धती लागू झाली आणि कौशल्य प्रयोगशाळेला तिच्यात अनिवार्य स्थान मिळाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२० मधील किमान आवश्यकतांच्या नियमांत वार्षिक १०० ते १५० विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयासाठी किमान ६०० चौरस मीटर, तर २०० ते २५० विद्यार्थ्यांसाठी ८०० चौरस मीटर क्षेत्राची कौशल्य प्रयोगशाळा सांगितली होती. ध्वनिचित्रमुद्रण व त्याचे पुनरावलोकन यांसाठीच्या खोल्यांचाही त्यात उल्लेख होता. अशा सुविधा दूरस्थ सत्रांसाठी उपयोगी पडतात.

नवजात शिशूंच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये सुरू केलेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात मॅनिकिनवरील सरावाचा समावेश आहे. सामान्य नागरिकांसाठी भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेशी संलग्न इंडियन रिससिटेशन कौन्सिलने केवळ छातीदाबावर आधारित पद्धत प्रसृत केली आहे. पायऱ्या थोड्या असल्याने ती दुरून शिकवण्यासही सुकर आहे. कोविड साथीत केंद्र शासनाने दीक्षा मंचावर ‘आयगॉट’ प्रशिक्षण उपलब्ध केले. त्याचा भर मुख्यतः ध्वनिचित्रफितींवर होता.

पिंपरी-चिंचवड परिसर

आकुर्डी हे पुणे–लोणावळा लोहमार्गावरील स्थानक आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील उपनगर आहे. बजाज ऑटोच्या कारखान्यामुळे हे नाव देशभर परिचित झाले. तेथील वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले आणि उद्योगाचा विस्तार चाकणकडे सरकला. आकुर्डी परिसरात औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या शिक्षणसंस्था आहेत. जवळच पिंपरी येथे १९९६ मध्ये स्थापन झालेले डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय व महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. चिंचवडच्या मोहननगर भागात कामगार राज्य विमा रुग्णालय आहे.

या पट्ट्यात विषयाचे महत्त्व दोन कारणांनी वाढते. पहिले कारण उद्योगांतील प्रथमोपचाराचे. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि तिची जबाबदारी घेणारी प्रशिक्षित व्यक्ती, तसेच ५०० हून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी रुग्णवाहिका-कक्ष असणे अपेक्षित होते. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात प्रत्येक पाळीतील प्रथमोपचारकांना एकाच वेळी एकत्र आणणे कठीण असते. पाळीनिहाय छोट्या दूरस्थ सत्रांनी हा प्रश्न अंशतः सुटतो. दुसरे कारण राज्याच्या १०८ रुग्णवाहिका सेवेचे. महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक, तर ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. ती चालवणाऱ्या बीव्हीजी समूहाचे मुख्यालय चिंचवड येथे आहे. सर्व जिल्ह्यांत विखुरलेल्या अशा चमूंची उजळणी घेण्यासाठी दूरस्थ पद्धत स्वाभाविकपणे सोयीची ठरते.

औद्योगिक पट्ट्यातील कामगारांना मानवी घटकांची संकल्पना अपरिचित नाही. भाग उलटा बसूच नये अशी रचना करणारी ‘पोका-योके’ पद्धत, थोडक्यात टळलेल्या अपघाताची ‘निअर मिस’ म्हणून नोंद आणि साखळी थांबवण्याचा कामगाराचा अधिकार, ही सर्व तिचीच रूपे आहेत. वैद्यकीय साधनांत वेगवेगळ्या वायूंच्या जोडण्या एकमेकांत न बसणाऱ्या करणे हे याच तत्त्वाचे उदाहरण होय.

स्थानिक अडचणीही लक्षात घ्याव्या लागतात. पुणे परिसरात देखभालीसाठी वीजपुरवठा बहुधा गुरुवारी बंद ठेवला जातो. त्या दिवशी सत्र ठेवल्यास राउटरला पर्यायी वीज लागते. भाषेचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत होते, पण रुग्ण ‘जीव घाबरा होतोय’, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय’, ‘धाप लागली’, ‘भोवळ आली’ अशा शब्दांत तक्रार सांगतो. शहरात मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. अभिनय करणाऱ्या रुग्णाची संहिता इंग्रजीतून शब्दशः उतरवली, तर हृदयविकाराची लक्षणे प्रत्यक्षात जशी कानावर येतात तशी ओळखण्याचा सराव होत नाही. पडद्यावर स्पर्शाची माहिती नसल्याने रुग्णाचे शब्द हाच मुख्य पुरावा उरतो आणि म्हणून संहितेची भाषा अधिक महत्त्वाची ठरते.

सुरक्षितता व मूल्यमापन

सरावासाठी वापरलेली औषधांची कुपी किंवा सलाईनची पिशवी चुकून खऱ्या रुग्णापर्यंत पोहोचू नये, यासाठी तिच्यावर ‘केवळ सरावासाठी’ अशी ठळक चिठ्ठी लावतात व सत्रानंतर मोजदाद करतात. दूरस्थ सत्रात प्रशिक्षक तेथे हजर नसल्याने ही जबाबदारी स्थानिक सहायकावर नावानिशी सोपवावी लागते. प्रशिक्षणार्थ्याला भोवळ आली किंवा खरी आणीबाणी उद्भवली, तर सराव थांबवण्याचा ठरलेला शब्द व संपर्काचा दुसरा मार्ग आधीच निश्चित केला जातो.

मूल्यमापनात तीन बाबींची स्वतंत्र नोंद ठेवणे हितावह मानले जाते. प्रशिक्षणार्थ्याने काय केले, प्रशिक्षकाला काय दिसले आणि त्या वेळी तांत्रिक स्थिती कशी होती, या त्या तीन बाबी होत. जोडणी खंडित झालेल्या कालावधीतील कृतीचे गुण प्रशिक्षकाच्या अंदाजाने देणे अन्यायकारक ठरते. मॅनिकिनमधील संवेदकांची नोंद उपलब्ध असल्यास दाबाची खोली व वेग यांसाठी तीच ग्राह्य धरता येते.

मर्यादा

स्पर्शावर आधारित कौशल्ये, जसे नाडी तपासणे, पोट चाचपणे किंवा शिरेत सुई घालणे, केवळ पडद्यावरून शिकवणे अपुरे ठरते. मॅनिकिन, सराव-पेटी किंवा स्थानिक सहायक आवश्यक असतो. गर्दीच्या अपघात-विभागातील धक्काबुक्की, अपुरी जागा व नातेवाइकांचा दबाव यांची प्रतिकृतीही दुरून उभी करणे कठीण असते. उपकरणे व वेगवान इंटरनेट असलेल्या संस्थांनाच या पद्धतीचा लाभ अधिक होतो आणि प्रशिक्षणाची सर्वाधिक निकड असलेली ग्रामीण केंद्रे मागे राहतात, अशी टीकाही होते. त्यामुळे दूरस्थ व प्रत्यक्ष पद्धतींचा मेळ घालणे अधिक योग्य मानले जाते. अशा मिश्र पद्धतीत ओळख, विचारप्रक्रिया व उजळणी दुरून होते, तर स्पर्शकौशल्ये व पूर्ण चमूचा सराव प्रत्यक्ष वॉर्डात होतो.

हेही पहा

अर्गोनॉमिक्स
रुग्णसुरक्षा
हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन
दूरवैद्यक
आकुर्डी
पिंपरी-चिंचवड
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ